८० वर्षांची रेघ: हॅरोमधल्या एका फ्लॅटची लीज कशी वाढवली

उत्तर-पश्चिम लंडनच्या हॅरो भागात दोन बेडरूमचा एक फ्लॅट आहे. मालक मराठी जोडपं. नोकरीची बरीच वर्षं लंडनमध्ये काढून दोघं पुण्याला परतले, फ्लॅट भाड्याने दिला. मुलगी लंडनमध्येच, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. २०२३ च्या मे महिन्यात तिने या फ्लॅटचे कागद माझ्याकडे पाठवले. कर्जाचा ठरीव व्याजदर त्या वर्षी संपत होता, नवीन बँक बघायची होती, आणि बँकेच्या फॉर्मवर पहिल्याच पानावर विचारलं होतं की लीजची किती वर्षं शिल्लक आहेत. ओळख पटू नये म्हणून इथे नावं गाळली आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. मुदतींचा क्रम आणि हिशेबाची रीत मात्र सविस्तर देते, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच फिरलं.

काकांचं उत्तर तयार होतं. "९९ वर्षांची लीज. आम्ही घेतला २००६ साली. म्हणजे अजून ८२ वर्षं आहेत. आपल्या नातवंडांनी बघावं काय ते."

मी लीज उघडली. त्यात लिहिलं होतं: मुदत ९९ वर्षं, २४ जून २००४ पासून. बिल्डरने बांधकाम सुरू असतानाच संपूर्ण इमारतीसाठी एक समान तारीख धरली होती आणि प्रत्येक फ्लॅट नंतर जसजसा विकला गेला तसतशी त्याची लीज सही झाली. काकांनी सही केली २००६ मध्ये, पण घड्याळ आधीच दोन वर्षं चालू होतं. २४ जून २०२३ ला बरोबर ८० वर्षं उरणार होती. आमच्या हातात साधारण महिना होता.

८० या आकड्यावर एवढं काय अडलंय, हे समजण्यासाठी इंग्लंडमधल्या फ्लॅटची मालकी काय असते ते थोडं सांगायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट बहुतेक लीजहोल्डच असतात (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे). तुम्ही विकत घेता ती ठरावीक वर्षं. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची. मुदत संपली की फ्लॅट कायद्याने त्याच्याकडे परत जायला निघतो. सिडकोच्या जमिनीवर राहणाऱ्यांना पट्टा हा प्रकार ओळखीचा आहे. पण तिथे जमीन सरकारी महामंडळाची असते आणि पुढे बोलायला सोसायटी असते. इथे फ्रीहोल्डर म्हणजे अनेकदा एखादी गुंतवणूक कंपनी, जिने इमारतीची जमीन ग्राउंड रेंटच्या, म्हणजे फ्लॅटमालकाने दर वर्षी द्यायच्या जमिनीच्या भाड्याच्या, उत्पन्नासाठी विकत घेतलेली असते, आणि तिच्यासमोर प्रत्येक फ्लॅटमालक एकटा उभा असतो. "सोसायटी बघेल" या पुणेरी सवयीने इथे अनेकांचं नुकसान झालेलं आहे.

१९९३ च्या कायद्याने फ्लॅटमालकाला एक ठोस हक्क दिला. उरलेल्या मुदतीवर ९० वर्षांची भर आणि ग्राउंड रेंट शून्य, त्याबदल्यात फ्रीहोल्डरला एकरकमी प्रीमियम. फ्रीहोल्डर नाही म्हणू शकत नाही. वाद होऊ शकतो तो फक्त किमतीचा आणि काही अटींचा. किंमत ठरवताना, उरलेली मुदत ८० वर्षांहून जास्त असेल तर एक मोठा घटक शून्य धरला जातो. मुदत ८० किंवा त्याहून कमी असेल तर तो घटक जागा होतो. त्याला म्हणतात मॅरेज व्हॅल्यू: लीज वाढल्यामुळे किमतीत जी भर पडते ती. तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरचा. ही ८० वर्षांची रेघ २००२ च्या दुरुस्तीने आली.

माझ्या मते ही रेघ अन्यायाची आहे. ८० वर्षं आणि एक दिवस उरलेला फ्लॅट आणि ८० वर्षांना एक दिवस कमी असलेला फ्लॅट, यांत राहणाऱ्याला काडीचाही फरक जाणवत नाही. पण कायदा आहे तोवर तिच्या योग्य बाजूला उभं राहणं एवढंच हातात असतं.

एजंटचं पत्र

कागदांच्या गठ्ठ्यात एक पत्र होतं. इमारत सांभाळणाऱ्या एजंटने एप्रिलच्या अखेरीस फ्लॅटच्या पत्त्यावर पाठवलेलं. भाडेकरूने ते इतर टपालासोबत बाजूला ठेवलं आणि मुलीला नंतर दिलं. भाषा अतिशय सौजन्याची. फ्रीहोल्डर स्वखुशीने लीज १२५ वर्षांची करून द्यायला तयार आहे, प्रीमियम फक्त ९,५०० पौंड, ग्राउंड रेंट जुन्या लीजप्रमाणेच, कायदेशीर नोटिशीची कटकट नको, २८ दिवसांत कळवा.

काकूंना पत्र आवडलं होतं आणि ते अगदी समजण्यासारखं आहे. "अहो, ते स्वतःहून देतायत. नोटीस कशाला पाठवायची? उगाच वाकडं येईल." आपल्याकडे नोटीस म्हणजे भांडण. इंग्लंडमध्ये या बाबतीत नोटीस म्हणजे रांगेत नाव लावणं आहे. तिच्यामुळे कुणाशी वैर होत नाही, आणि तिच्याशिवाय हक्काला तारीख मिळत नाही.

पत्रातल्या प्रस्तावाचा अर्थ काय, ते आकड्यांनी बघू. फ्लॅटची लांब मुदतीच्या लीजसह किंमत ४,००,००० पौंड धरली. आज ८० वर्षांनी फ्लॅट परत मिळणार, या आशेची फ्रीहोल्डरच्या दृष्टीने आजची किंमत किती? पुढे मिळणारी रक्कम आजच्या किमतीत आणण्याचा दर फ्लॅटसाठी वर्षाला ५ टक्के धरतात. तो २००६ च्या 'स्पोर्टेली' खटल्यात लँड्स ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाने ठरवला आणि वरच्या कोर्टांनी उचलून धरला. ५ टक्क्यांनी ८० वर्षं मागे आलं की ४ लाखांचे उरतात सुमारे ८,०७० पौंड. हीच आशा १२५ वर्षं लांबवली तर उरतात सुमारे ९००. म्हणजे पत्रातल्या प्रस्तावाने फ्रीहोल्डर सोडत होता सुमारे ७,१७० पौंडांची वस्तू, आणि मागत होता ९,५००. वर ग्राउंड रेंट तसाच चालू.

तो ग्राउंड रेंट किती? लीजमध्ये पहिली ३३ वर्षं वर्षाला २०० पौंड, पुढची ३३ वर्षं ४००, शेवटची ३३ वर्षं ६००. आज २०० किरकोळ वाटतात. २०३७ ला ते ४०० होणार. काही बँका घराच्या किमतीच्या ०.१ टक्क्याहून जास्त ग्राउंड रेंट असला की कर्ज द्यायला का-कू करतात, आणि ४ लाखांच्या फ्लॅटला ४०० म्हणजे बरोबर त्या काठावर. या साखळीची आजची एकत्रित किंमत ६.५ टक्क्यांच्या दराने काढली तर सुमारे ४,४५० पौंड येते. कायद्याच्या रस्त्याने गेलं तर ही रक्कम एकदा मोजून साखळी कायमची तुटते.

जुन्या काळातल्या अशा पत्रांमध्ये ग्राउंड रेंट वाढवूनही मागत. २०२२ च्या ग्राउंड रेंट कायद्याने, म्हणजे ३० जून २०२२ पासून, ते बंद झालं: राजीखुशीने लीज वाढवली तरी वाढीव वर्षांवर भाडं लावता येत नाही. पण जुन्या लीजची जी वर्षं उरलीत त्यांवर जुनं भाडं चालू ठेवायला तो कायदा परवानगी देतो. पत्र लिहिणाऱ्याने कायदा मोडला नव्हता. त्याने फक्त जे सोडणं भाग नव्हतं ते सोडलं नव्हतं.

तरीही पत्रातली सर्वांत महाग गोष्ट रक्कम नव्हती. पत्राच्या तळाशी एक ओळ होती की करार होईपर्यंत हा प्रस्ताव कुणावरही बंधनकारक नाही. होकार कळवायचा, मग मसुदा यायला काही आठवडे, मग वकिलांचे प्रश्न, आणि मध्येच २४ जून उलटून जाणार. २५ जूनला फ्रीहोल्डरने प्रस्ताव मागे घेतला असता तर त्याला कुणी काही विचारू शकलं नसतं, आणि कायद्याच्या रस्त्यावर यायचं म्हटलं तर मॅरेज व्हॅल्यू वाट बघत असती.

एका दिवसाची किंमत

हा हिशेब मी काका-काकूंना व्हिडिओ कॉलवर करून दाखवला. आकडे बोलले की आदर-संकोच मागे पडतो.

२४ जूनच्या आधी नोटीस गेली तर: फ्लॅट परत मिळण्याची आशा ८० ऐवजी १७० वर्षं लांब जाते. १७० वर्षांनंतरच्या ४ लाखांची आजची किंमत जेमतेम १०० पौंड, म्हणून नुकसान ७,९७० च्या आसपास. त्यात ग्राउंड रेंटचे ४,४५०. एकूण सुमारे १२,४२० पौंड.

२४ जूननंतर गेली तर: हे १२,४२० आहेतच, शिवाय मॅरेज व्हॅल्यूचा अर्धा वाटा. त्यासाठी आधी ठरवावं लागतं की लीज न वाढवलेल्या फ्लॅटची किंमत किती. लांब लीजच्या फ्लॅटच्या तुलनेत ती किती टक्के, याला रिलेटिव्हिटी म्हणतात, आणि सगळ्यात कडाक्याचं भांडण याच टक्क्यावर होतं. व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवणारे तज्ज्ञ, बाजारातल्या विक्रीचे आकडे आणि वेगवेगळ्या संस्थांचे आलेख घेऊन बसतात. 'मंडी' खटल्यात २०१६ ला अपर ट्रायब्युनलने आणि २०१८ ला कोर्ट ऑफ अपीलने या आलेखांवर बरंच लिहिलं आहे. उदाहरणासाठी मी ९० टक्के धरले. म्हणजे आजचा फ्लॅट ३,६०,०००. फ्रीहोल्डरचा आजचा हिस्सा सुमारे १२,५२०. दोघांची बेरीज ३,७२,५२०. लीज वाढवल्यावर दोघांच्या हातात मिळून ४,००,१००. फरक सुमारे २७,५८०, त्याचा अर्धा १३,७९०. एकूण प्रीमियम २६,२०० च्या घरात.

तोच फ्लॅट, त्याच भिंती, आणि एका रात्रीत १३,७९० पौंड जास्त. तेव्हाच्या दराने जवळजवळ १४ लाख रुपये. काकूंनी विचारलं, "मग नोटीस किती दिवसांत पाठवता येईल?" वाकडं येण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण काकांचा एक प्रश्न नेमका होता: एवढे पैसे लगेच कुठून आणायचे? उत्तर असं की लगेच लागत नाहीत. किंमत ठरते नोटीस दिल्याच्या तारखेला धरून. पैसे द्यायचे असतात नवी लीज प्रत्यक्ष होताना. मध्ये सहज वर्ष जातं. या सगळ्या प्रकरणात लोकांना पटवायला सर्वांत अवघड गोष्ट हीच असते. पैसे जमले की नोटीस पाठवू, असं म्हणून थांबलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि थांबण्याची किंमत जमवलेल्या पैशांहून मोठी झालेली पाहिली आहे. या जोडप्याकडे फ्लॅटचं भाडं इंग्लंडमधल्याच खात्यात साठत होतं. परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता भारतात परतल्यावरही ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम ६(४) प्रमाणे मुभा आहे, त्यामुळे पुण्याहून पैसे पाठवण्याचा प्रश्नच आला नाही.

नोटीस

१९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ ची नोटीस, म्हणजे लीज वाढवण्याचा हक्क बजावणारी नोटीस, दिसायला तीन-चार पानांची. तिच्यात चूक मात्र परवडत नाही, विशेषतः जेव्हा दुसरी पाठवायला वेळच नसतो. म्हणून असंच काम नेहमी करणारा सॉलिसिटर घेतला. घरखरेदीचे कागद करणारे पुष्कळ असतात; लीज वाढवण्याचं काम वेगळं आहे.

पहिला प्रश्न: नोटीस द्यायची कुणाला? पत्र एजंटचं होतं. ग्राउंड रेंटच्या बिलावर तिसरंच नाव होतं. लँड रजिस्ट्रीतून फ्रीहोल्डचा उतारा काढला तेव्हा कळलं की जमीन काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या कंपनीने घेतली आहे. नोटीस त्या कंपनीला, तिच्या नोंदणीकृत पत्त्यावर. आणि बिलावर नोटिशींसाठी म्हणून जो पत्ता छापलेला असतो तिथेही. एजंटला दिलेल्या नोटिशीवर विसंबून राहायचं नाही. काही इमारतींमध्ये फ्रीहोल्डर आणि फ्लॅटमालक यांच्यामध्ये आणखी एक मधला लीजधारक असतो; तसं असेल तर नवी लीज द्यायला पुरेशी मुदत कोणाकडे आहे ते आधी शोधावं लागतं आणि बाकीच्यांना प्रती द्याव्या लागतात. इथे सुदैवाने तसं नव्हतं.

दुसरा: नावं. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून नोटीस दोघांच्या नावाने. काकूंच्या पासपोर्टवर मधलं नाव आहे, बँकेत नाही, लँड रजिस्ट्रीत वेगळ्या स्पेलिंगने आहे. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लावण्याची रीत असल्यामुळे मराठी माणसांच्या कागदांत हे फार आढळतं. सॉलिसिटरने रजिस्ट्रीत होतं तसंच अक्षर अन् अक्षर नोटिशीत घातलं आणि ओळख पटवण्याचे कागद वेगळे जुळवले.

सहीसाठी मात्र पुण्याला कुरिअर करावं लागलं नाही. पूर्वी या नोटिशीवर फ्लॅटमालकाने स्वतः सही करणं बंधनकारक होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मालकाच्या वतीने सॉलिसिटर सही करू शकतो. परदेशात राहणाऱ्या मालकांसाठी ही छोटी दुरुस्ती फार मोलाची आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. फ्लॅट किमान दोन वर्षं नावावर असण्याची अट तेव्हा होती. ती यांनी केव्हाच पार केली होती.

तिसरा: रक्कम. नोटिशीत तुम्ही किती देऊ करता ते लिहावं लागतं. कमी लिहायचं असतं, कारण घासाघीस पुढे होणारच. पण हास्यास्पद लिहिलं तर नोटीसच रद्द ठरू शकते. नव्वदच्या दशकात एका फ्लॅटमालकाने १०० पौंड लिहिले होते आणि कोर्ट ऑफ अपीलने ती नोटीस बाद ठरवली. व्हॅल्युअरने फ्लॅट बघून १०,५०० हा आकडा दिला, ज्याचं समर्थन करता येईल असा.

६ जूनला नोटीस हातोहात पोचवली आणि टपालानेही पाठवली, पोच जपून ठेवली. फ्रीहोल्डरने उत्तर द्यायची तारीख नोटिशीत घालावी लागते, ती किमान दोन महिने पुढची हवी. सॉलिसिटरने १४ ऑगस्ट घातली. लागलीच लँड रजिस्ट्रीत नोटिशीची नोंदही केली. फ्रीहोल्डरने उद्या जमीन तिसऱ्यालाच विकली तरी नवा मालक त्या नोटिशीने बांधला जावा म्हणून. २२ जूनला बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर ५ टक्क्यांवर नेला आणि कर्जाची काळजी वाढली, पण लीजची किंमत तोवर ६ जूनला थिजलेली होती.

उलट नोटीस आणि पुढची घासाघीस

फ्रीहोल्डरने देऊ केलेल्या रकमेच्या १० टक्के, म्हणजे १,०५० पौंड अनामत मागितली. हा त्याचा हक्क आहे. त्याचा सर्व्हेअर फ्लॅट बघून गेला. भाडेकरूला आधी सांगून ठेवलं होतं. ९ ऑगस्टला उलट नोटीस आली: हक्क मान्य, रक्कम १६,५०० पौंड, आणि नव्या लीजमध्ये दोन नवीन कलमं. त्यातलं एक असं की भाडेकरू बदलताना दर वेळी फ्रीहोल्डरची लेखी परवानगी आणि तिची फी.

काकांचं लक्ष १६,५०० वर होतं. माझं त्या कलमावर. रक्कम एकदा जाते. असं कलम १७० वर्षं फ्लॅटला चिकटून राहतं. १९९३ च्या कायद्याप्रमाणे नवी लीज जुन्याच अटींवर द्यायची असते, बदल करायला मोजकीच कारणं चालतात, आणि जास्तीचं उत्पन्न हे त्यात बसत नाही. सॉलिसिटरने दोन्ही कलमं नाकारली. फ्रीहोल्डरच्या वकिलांनी फार ताणलं नाही. नाकारलं नसतं तर ती तशीच राहिली असती.

रकमेत दोघांचा फरक आला कुठून? फ्रीहोल्डरच्या सर्व्हेअरने फ्लॅटची किंमत जास्त धरली होती आणि ग्राउंड रेंटसाठी ६ टक्के दर. दर कमी धरला की आजची किंमत वाढते. तरी त्या गृहीतकांनीही आकडा १३,३०० च्याच जवळ येत होता. बाकीचे ३,००० वाटाघाटीसाठी ठेवलेले. हे कळायला आपला व्हॅल्युअर हवा. इंटरनेटवरची गणकयंत्रं ढोबळ अंदाजाला ठीक आहेत, लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस ही सरकारी मदतीवर चालणारी संस्था फुकट माहितीही देते. पण समोरच्या सर्व्हेअरच्या गृहीतकाला गृहीतकाने उत्तर द्यायला माणूस लागतो.

यानंतर शांतता पसरली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. ई-मेलला उत्तरं उशिरा, कधी एजंट बदलला, कधी फाइल दुसऱ्याकडे गेली. पुण्यात दोघांनाही वाटू लागलं की घाई कशाला, चाललंय ना बोलणं.

हीच या प्रकरणातली दुसरी धोक्याची जागा. उलट नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत रकमेचा निर्णय ट्रायब्युनलकडे मागता येतो. सहा महिने उलटले, करार झाला नाही आणि अर्जही केला नाही, तर मूळ नोटीस मागे घेतली असं कायदा धरतो. मग १२ महिने नवी नोटीस देता येत नाही. या फ्लॅटच्या बाबतीत त्याचा अर्थ भीषण होता: पुढच्या नोटिशीच्या वेळी ७९ वर्षंही उरली नसती, मॅरेज व्हॅल्यू पूर्ण लागली असती, आणि तोवरच्या प्रक्रियेचा फ्रीहोल्डरचा वाजवी खर्चही द्यावा लागला असता. शेवटची तारीख ८ फेब्रुवारी २०२४. बोलणी गोडीगुलाबीने चालू असतानाच ती उलटून जाते, कारण बोलण्यांनी ही मुदत थांबत नाही.

सॉलिसिटरने जानेवारीतच अर्ज टाकला. फी १०० पौंड. अर्ज जाताच पलीकडून उत्तरं वेळेवर यायला लागली. सुनावणीपर्यंत जायची वेळ आलीच नाही. बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत, कारण सुनावणीचा आपापला खर्च दोघांनाही परवडत नाही. मार्चमध्ये १३,२५० पौंडांवर तडजोड झाली, जुन्याच अटींवर. मला स्वतःला आणखी चारपाचशे खाली आणता आले असते असं वाटतं. पण त्यासाठी व्हॅल्युअरचे जेवढे तास गेले असते त्यांची फी तेवढीच झाली असती.

खर्चाचं चित्र पूर्ण द्यायला हवं. प्रीमियमखेरीज फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्व्हेअरचा वाजवी खर्च कायद्याने फ्लॅटमालकावर पडतो. तो इथे २,६०० च्या आसपास गेला. मागणी जास्त होती. घासाघिशीत घालवलेले तास आणि ट्रायब्युनलचं काम त्यात धरता येत नाही, हे दाखवून कमी केली. स्वतःचा सॉलिसिटर आणि व्हॅल्युअर मिळून साधारण ३,०००. म्हणजे सगळं धरून १९,००० च्या आत. प्रीमियम ४०,००० पौंडांच्या खाली असल्याने आणि भाडं शून्य असल्याने स्टॅम्प ड्युटी लागली नाही.

रक्कम ठरल्यावरही एक मुदत असते: दोन महिन्यांत लीज झाली नाही तर पुढच्या दोन महिन्यांत काउंटी कोर्टात जायचं, नाहीतर इथेही नोटीस बुडते. मे २०२४ मध्ये नवी लीज झाली. जुन्या लीजची जागा तिने घेतली, बँकेचा बोजा कायद्याने नव्या लीजवर आला, संपण्याची तारीख २४ जून २१९३, ग्राउंड रेंट शून्य.

थांबायला हवं होतं का

लीज होते न होते तोच मुलीने बातमीची लिंक पाठवली. २४ मे २०२४ ला, निवडणूक जाहीर झाल्यावर संसद विसर्जित होण्याआधीच्या घाईत, लीजहोल्ड सुधारणेचा नवा कायदा मंजूर झाला होता. ९० ऐवजी ९९० वर्षं, मॅरेज व्हॅल्यू रद्द, फ्रीहोल्डरचा खर्च सहसा फ्लॅटमालकावर नाही. तिचा प्रश्न सरळ होता: आपण घाई केली का?

मला तसं वाटत नाही. मंजूर झालेला कायदा आणि लागू झालेला कायदा यांत इथे मोठं अंतर पडलं. दोन वर्षं मालकी असण्याची अट गेली ती ३१ जानेवारी २०२५ ला. किमतीची कलमं लागू करण्याआधी सरकारला दर ठरवणारे नियम करायचे होते. तेवढ्यात फ्रीहोल्डर कंपन्या मानवी हक्कांच्या मुद्द्यावर हायकोर्टात गेल्या. कोर्टाने त्यांचं म्हणणं ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळलं. आणि या जोडप्याने मॅरेज व्हॅल्यू भरलेलीच नव्हती. जे रद्द होणार त्यातलं त्यांच्या वाट्याला आलं असतं ते मुख्यतः खर्चाचे २,६०० पौंड. त्यासाठी कर्जाचं नूतनीकरण अडवून ठेवणं आणि रेघेच्या पलीकडे जाऊन कायद्याची वाट बघणं हा फार महाग जुगार ठरला असता.

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं गणित वेगळं आहे. तीच इमारत, तीच २००४ ची तारीख, पण त्यांनी २०२३ मध्ये काही केलं नाही आणि आता ते ८० च्या खाली आहेत. त्यांना नजीकच्या काळात विकायचं नाही, कर्ज फिटलंय. त्यांच्यासारख्यांनी किमतीची कलमं लागू होण्याची वाट बघण्यात अर्थ आहे, कारण मॅरेज व्हॅल्यू आधीच लागलेली आहे आणि ती गेली तर फायदा मोठा आहे. मात्र दर वर्षी फ्रीहोल्डरची आशा थोडी जवळ येते आणि तेवढी मूळ रक्कम वाढते, हे धरून. विकायची वेळ आलीच तर आणखी एक रस्ता आहे: विक्रेत्याने नोटीस द्यायची आणि विक्रीसोबतच तिचा हक्क ग्राहकाच्या नावे करून द्यायचा. हे हस्तांतर विक्रीच्या त्याच दिवशी, त्याच कागदांबरोबर व्हावं लागतं. वरच्या फ्लॅटच्या मालकीणबाईंना मी हेच सांगितलं, आणि लीजचं पहिलं पान काढून तारीख स्वतः वाचायला सांगितली.